शास्त्रानं लिहिलेला एफ

साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला स्वागतगीत लागायचंच. दुष्काळात पाणी तुटलं तरी गाणी तुटत नसत. त्या वर्षी ऊसच नव्हता, चिमणी थंड होती, आणि आमच्या गाण्यात 'हिरवं रान' चार वेळा येत होतं.

गिटारवर माझा चकलांब्याचा मित्र होता. घरचे सगळे दसऱ्यानंतर परजिल्ह्यात ऊसतोडीला जाणारे. कोयत्यानं त्याच्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट असं कापलं, की ते पुन्हा सरळ झालं नाही. एफ कॉर्डला ते बोट सहाही तारांवर आडवं टाकावं लागतं. ते त्याला जमेना. म्हणून तो पाचव्या पट्टीवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारी क्लिप, लावायचा आणि सोप्या जी, सी, डीवर भागवायचा. क्लिपमुळे सूर चढून ऐकू मात्र सी, एफ, जीच यायचं. मीही त्याच्या बोटांप्रमाणे जी, सी, डी असंच कागदावर लिहून द्यायचो. चेअरमनसाहेब म्हणाले होते, कार्यक्रम चांगला झाला तर याला सोसायटीत नोकरीला घेऊ. मग त्याची ऊसतोड सुटली असती.

आदल्या दिवशी पेटीवाल्या गुरुजींनी माझा कागद पाहिला. "वाजतंय सी अन् लिवलंय जी? साळंत गेलतास का न्हाई?"

झालं, माझी विद्वत्ता जागी झाली. मी लाल शाईनं नवा कागद केला: सी, एफ, जी. कॅपोचा उल्लेखही गाळला. कडवी शेवटपर्यंत बदलत होती, त्यामुळे कागद त्याच्या हाती पडला तो स्टेजवरच.

त्यानं सवयीनं क्लिप लावली आणि माझं लिहिलेलं वाजवलं. पहिलाच सूर पेटीपासून कुठल्या कुठे गेला. मग एफ आला. बोट आडवं पडेना, तारा नुसत्या खडखडल्या. त्यानं हात काढून घेतला आणि गाणं संपेपर्यंत तसाच बसून राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सभासदांचं लक्ष जेवणाच्या मांडवाकडे होतं.

चेअरमनसाहेबांना मात्र थांबलेला गिटारवाला दिसला होता. सभेनंतर त्यांनी तो कागद उचलला. "अक्षर कुणाचं?" कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. "लई सुरेख हाय. ह्यालाच घ्या सोसायटीत."

मी "व्हय साहेब" म्हणालो. एवढंच म्हणालो.

दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रक आला. बिऱ्हाड चढवून मित्र माझ्याजवळ आला. "एफ कावून लिवला बे?"

"शास्त्रानं तसाच असतो."

"आसंल," तो म्हणाला. शिकलेल्या माणसावर त्याचा विश्वास होता. ट्रकवर चढून त्यानं मला हातही केला.