सावळीरामकाकांचं बोलणं

सातपूरच्या कारखान्यात तेहतीस वर्षं लेथवर काढून सावळीराम गांगुर्डे निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी सिनेमात बाप झाले. खऱ्या आयुष्यातला त्यांचा मुलगा सुयश त्र्यंबक रोडवर मोटरसायकल घसरून गेला, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

सिनेमा व्हिक्तरचा. सरकारला न रुचणारे सिनेमे काढले म्हणून बेलारूसमधून परागंदा झालेला हा दिग्दर्शक आमच्या फिल्म क्लबच्या महोत्सवाला आला आणि गंगापूर धरणावरचं जानेवारीतलं धुकं बघून नाशकातच थांबला. तिकडे वडील वारले तेव्हाही त्याला घरी जाता आलं नव्हतं. म्हणून आपलं गाव तो इथे उभं करणार होता. नट नकोत, संगीत नको, कॅमेरा जागचा हलायचा नाही. क्लबात खुर्च्या लावणाऱ्या काकांचा चेहरा त्याला वडिलांसारखा वाटला.

मी दुभाषी. शेवटच्या शॉटला तो म्हणाला, "त्यांना सांग, समोर मुलगा बसलाय. अभिनय नको. आपल्या भाषेत मनातलं बोला."

काकांनी समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाले, "सुयश, तू जाणार नव्हता. पाऊस व्हता. मीच धाडलं तुला तंबाखू आणायला. तुझ्या आईला म्हणलं, पोरगा आपल्या मनानं गेला."

काय बोलले, हे व्हिक्तरने मला विचारलं नाही.

दीड वर्षाने गंगापूर रोडच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. व्हिक्तर तोवर बर्लिनला गेला होता. काकांची बायको मालनबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या. पडद्यावर काकांचे ओठ हलले आणि भलत्याच माणसाचा आवाज भलत्याच भाषेत आला. खालच्या इंग्रजी ओळी मी मालनबाईंना कानात सांगितल्या, "बाळा, परत येऊ नकोस. इथे तुला पकडतील."

"हे ह्यांचं बोलणं नाय," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही खरं काय बोलला व्हता?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायला हवी होती. काकांनी तिथेच, पार्किंगमध्ये, सगळं सांगितलं. मालनबाईंनी ऐकून घेतलं आणि एकट्याच रिक्षात बसल्या. आता त्या लेकीकडे, चैतालीकडे, पिंपळगाव बसवंतला असतात.

मी व्हिक्तरला चिडून मेल केला. निदान मूळ आवाज तरी पाठव म्हटलं. उत्तर आलं, "तो ठेवला नाही. मला बापाचा चेहरा हवा होता, तो मिळाला. माझं सगळं घेतलं, तेव्हा मला कुणी विचारलं होतं?"

"त्या दिवशी कशाला सांगितलंत?" मी काकांना विचारलं.

"एकदा बोललो, ते त्यानं फेकून दिलं," ते म्हणाले. "कुणाला तरी पोचायला पायजे ना."

ते दोनदा पिंपळगावला जाऊन आले. दोन्ही वेळा चैतालीने ओट्यावर चहा आणून दिला. मालनबाई आतून बाहेर आल्या नाहीत.