आसूढाळ

घोडं मला कळतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. लढाईच्या दिवसांत सांगलीहून लग्न होऊन मी उंब्रजला आले. सासरी टांग्याचा धंदा. त्याच महिन्यात सासऱ्यांनी एक तांबडी घोडी आणली, म्हणजे दावणीला ती नवी आणि चुलीपुढं मी.

पंधरा दिवस झाले नाहीत तोच रंगाऱ्याच्या आवाराजवळ घोडी उधळली, टांगा चरीत गेला आणि माझ्या नवऱ्याचा हात मोडला. सासऱ्यांनी तिच्या डोळ्यांवरची कातडी झापडं सोडून पाहिलं, तर डोळ्याखाली केसांचा भोवरा. अशा घोडीला आसूढाळ म्हणतात. ती ज्या घरात जाईल तिथं रडं आणते, असं पारखी लोक शपथेवर सांगत. घेताना तो भोवरा झापडाच्या पट्ट्याखाली लपला होता, नंतर तिथं कुणी नीट पाहिलं नव्हतं. येत्या बाजारी तिला विकायचं ठरलं.

शेजारणी भोवऱ्यावर थांबल्या नाहीत. दोघी एकाच महिन्यात आल्या, मग पायगुण नक्की कुणाचा, असं त्या मला ऐकू जाईल इतक्या हळू बोलायच्या. मला संताप आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. घोडी गेली की बोट दाखवायला मी एकटीच उरणार होते.

वैरण घालायचं काम माझं होतं, म्हणून मी तिच्याकडं नीट बघायला लागले. मागं घागर आपटली की ती आधी दाव्याच्या टोकापर्यंत पळायची, मग वळून कान टवकारून बघायची. बघून झालं की पुन्हा वैरणीत तोंड. ही खोड नव्हती. तिला ना शिंगं ना नख्या. जीव वाचवायला पायच तेवढे. मागून सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या की मीही अशीच दचकायची, त्यामुळं मला ते लवकर कळलं असावं. रंगाऱ्याच्या दोऱ्यांवर ओली लुगडी फडफडायची. आवाज तिला ऐकू यायचा, पण झापडांमुळं काय आहे ते दिसायचं नाही. मग ती पळणार नाही तर काय करणार?

मी सासऱ्यांसमोर गेले. पदर सारखा केला आणि बोलले, "आवं मामंजी, ती आसूढाळ न्हाई. तिला दिसत न्हाई म्हनून पळतीया. झापडं काढून बघूया."

 सुनेनं घोड्यातलं सांगावं, हे त्यांच्या पिढीत बसणारं नव्हतं. पण बाजाराला अजून चार दिवस होते आणि घोडी त्यांनाही आवडली होती. त्यांनी झापडं उचलून खुंटीला अडकवली.

रोज सकाळी मी आणि गळ्यात हात बांधलेला माझा नवरा तिला रंगाऱ्याकडं न्यायचो. कासरा मी सैल सोडायची. ती मागं पळाली की पळू द्यायची, वळली की उभी राहू द्यायची. पहिल्या दिवशी आम्ही लुगड्यांपासून लांबच राहिलो. तिसऱ्या दिवशी तिनं हिरव्या लुगड्याला नाक लावलं आणि फुरफुरली. रंगारी हसला.

बाजाराच्या दिवशी सासऱ्यांनी तिला झापडांशिवाय जुंपलं आणि मला मागं बसवलं. लुगड्यांपाशी घोडी थांबली. सासऱ्यांचा हात चाबकाकडं गेला, तेव्हा मी त्यांना थांबायला सांगितलं. घोडीनं मान वळवून लुगडी पाहिली आणि चालू लागली. बाजाराचा फाटा आला, पण त्यांनी टांगा वळवला नाही.

घरी आल्यावर ते शेजारणींना ऐकू जाईल असं बोलले, "घोडी ऱ्हाणार. आन् सूनबाई सांगंल तशी जुंपायची."

मी दावणीला गेले, घोडीच्या मानेत तोंड खुपसलं आणि त्या घरात पहिल्यांदा पोटभर रडले. तिनं त्या घरात रडं आणलं ते एवढंच.