तोंडावरचा हात

सरकारी दवाखान्यात दातांच्या खिडकीपाशी दर्यापूरच्या एक बाई मला नेहमी भेटतात. माझा मुलगा आणि त्यांची मुलगी, दोघंही तार बसवायच्या यादीत आहेत. मुलगी पुढे आलेल्या दातांवर हात ठेवूनच बोलते. बाईही तशाच बोलतात. मला वाटायचं, दात आईवर गेलेत.

परवा खिडकीतल्या बाबूनं वर न बघताच सांगितलं, "पुढच्या वर्षी या." त्याच्या मागे भिंतीवर पाटी होती: मुलांचे दात वेळीच सरळ करा.

बाईंनी हात खाली घेतला. "साहेब, पोरगी पाचवीत होती तवा नाव लिवलं. आता दहावीत आहे. अजून किती वर्षं तोंड झाकून हासाचं तिनं?"

त्यांचे स्वतःचे दात अगदी सरळ होते.

बाई मुलीकडे वळल्या, तिच्याशी बोलू लागल्या, आणि हात पुन्हा तोंडावर गेला.