आधी रक्त, मग चहा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात रक्ततपासणीचं शिबिर झालं. निकाल शाळेच्या पटांगणात भोंग्यावरून वाचले गेले. माझ्या धाकट्या बहिणीच्या नावापुढे ‘सिकलसेल’ एवढंच वाचलं गेलं. अर्थ कुणी सांगितला नाही. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा वैनगंगेपलीकडचा. तो निकाल तिच्या होणाऱ्या सासरी लगेच पोचला.

मी तेव्हा चंद्रपूरच्या एका दैनिकात बातमीदार होतो. चौकशी करणं हेच काम. गावातला डॉक्टर म्हणाला, रक्त नासलंय, लोहाच्या गोळ्या घ्या. औषध दुकानदार म्हणाला, फार तर पंचविशी गाठेल. शिबिरवाल्यांकडे माहितीपत्रक होतं, तेही इंग्रजीत. शेवटी चंद्रपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त पुन्हा तपासलं. ती आजारी नाही, वाहक आहे, त्या म्हणाल्या. दोष आईवडिलांपैकी एकाकडून आलाय. नवराही वाहक निघाला, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आता त्याचं रक्त तपासा.

हेच सांगायला मी मुलाच्या घरी गेलो. ओसरीवर त्याचे काका बसले होते.

“पोराले काऊन टोचाचं? पोरगा एकटा धानाचं पोतं उचलते!”

“माझी बहीणही दिवसभर चिखलात वाकून धानाचा रोवणा करते, काकाजी.”

“भाऊ, तुमी पेपरवाले. आमाले नका शिकवू. खोट पोरीत हाय.”

लग्न मोडलं. त्याच उन्हाळ्यात त्या मुलाचं मामाच्या मुलीशी लागलं. घरातलीच मुलगी, माहितीचं रक्त, मग तपासायचं कशाला? रक्ताच्या नात्यात एकच दोष दोघांकडे असण्याची शक्यता जास्त; जिथे तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी होती, तिथे ती कुणाच्या मनातही आली नाही. बदनाम मात्र माझी बहीण.

पुढे दुसरं स्थळ आलं. बहीण चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, पण तो तिने खाली ठेवला नाही.

“मी वाहक आहो, आजारी नाई,” ती मुलाला म्हणाली. “तुमी रक्त तपासलं का?”

मुलगा बापाकडे पाहू लागला. बाप उसळला, “पोरगी पाहाले आलो बाई आमी, दवाखान्यात नाई!”

“मंग आधी दवाखान्यात जाऊन या. चहा गरम करून ठेवतो मी.”

ते उठून गेले. आई रडली, गावाने बहिणीला उर्मट ठरवलं. तिने चहा पातेल्यात परत ओतला.

पुढच्या स्थळाला तिने तोच प्रश्न दारातच विचारला.