नवाच्या आत काही खायचं नाही

सासूबाई गेल्या त्या वर्षी आम्ही सासऱ्यांना करंजाड्याच्या फ्लॅटवर राहायला आणलं. त्यांचं सगळं आयुष्य उरणकडच्या मिठागरात गेलेलं. गुडघे पार कामातून गेले होते, आणि आल्यापासून त्यांच्या छातीत, पोटात जळजळ सुरू झाली होती.

माझी स्वतःची ॲसिडिटी त्याआधीच मी खाण्यापिण्यावर बरी केली होती. चहा सोडला, रात्री लवकर जेवू लागले, ताक आणि दुधी वाढवला. त्याचा मला जरा गर्वच होता. शेजारच्या बायका सल्ला विचारायला यायच्या. सासऱ्यांचं पोट म्हणजे माझ्या हातचं काम, असं मला वाटलं. त्यांना काय होतंय हे नीट विचारायच्या आधीच मी फ्रिजवर कागद चिकटवला. सकाळी फक्त जिऱ्याचं पाणी, नवाच्या आत काही खायचं नाही. दुपारी मऊ भात, मुगाचं वरण, ताक. मासळी बंद, सुकी तर अजिबात नाही.

ते म्हणाले, "तू देशील ते खाईन." आणि खरंच खाल्लं. जन्मभर पहाटे भाकरी आणि सुकी मासळी खाऊन कामावर गेलेला माणूस नऊ वाजेपर्यंत बाल्कनीत गप्प बसून राहायचा.

जळजळ काही कमी होईना. तीन-चार महिन्यांत त्यांचे शर्ट सैल झाले. सासरे चोरून काहीतरी खात असणार, असा मला संशय आला. नणंद विचुंब्याला राहायची. दर रविवारी ते तिच्याकडे जायचे. एका रविवारी परत आले तेव्हा त्यांच्या हाताला बोंबलाचा वास येत होता. मी लगेच नणंदेला फोन लावला आणि नको ते बोलले. तुम्हाला वडील बरे व्हायला नकोत का, असंही म्हणाले. पुढच्या रविवारी तिनेही त्यांना मऊ भातच वाढला, हे मला नंतर कळलं. त्यानंतर त्यांनी तिच्याकडे जाणंच सोडलं.

मग एक दिवस त्यांना रक्ताची उलटी झाली. पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठली गोळी चालू आहे? सासऱ्यांनी खिशातून गुडघेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. गावच्या मेडिकलमधून आणलेल्या, दोन वर्षं रोज एक. मी ते पाकीट पहिल्यांदाच बघत होते.

"कशावर घेता?"

"गावाला भाकरीवर घ्यायचो. इथं जिऱ्याच्या पान्यावर."

"उपाशीपोटी?"

"नवाच्या आत काय खायाचं नाय," ते म्हणाले. सुरात तक्रार नव्हती. डॉक्टरांना घरचा नियम समजावून सांगावा तसं म्हणाले.

डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीने पोटात जखम झालीय, एवढंच म्हणाले. गोळी बंद केली, पोटाचं औषध दिलं. जखम भरल्यावर तिखट कमी ठेवून मासळी द्यायला हरकत नाही म्हणाले. तो कागद मी त्याच संध्याकाळी काढून टाकला.

दोन-तीन महिन्यांनी मी पापलेटाचं कालवण केलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि वाटी हळूच बाजूला सरकवली. "चांगलं झालंय," म्हणाले, "पन आता वासच नको वाटतो." पोट बरं झालं, जळजळही गेली, पण त्यांची भूक काही परत आली नाही. दीड वर्षाने ते गेले. माझं चुकलं, एवढं म्हणायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी रोज फक्त विचारायचे, अजून थोडा भात घालू का?

ते गेल्यावर पित्रांच्या दिवशी पान वाढायची वेळ आली, तेव्हा लक्षात आलं, त्यांना काय आवडायचं तेच मला माहीत नाही. मदतीला आलेल्या नणंदेला विचारावं लागलं.

"सुका जवळा," ती म्हणाली. "भरपूर कांदा घालून. तुम्हाला कधी बोलले नाहीत?"

मी म्हटलं, नाही.

तिने पदर खोचला आणि कांदे चिरायला घेतले.