डॅशबोर्डवरची झिजलेली जागा

थिनरचा वास आला की सातपूरचं आमचं गॅरेज आणि लिलावातून आलेला तो जुना लष्करी ट्रक आठवतो. केबिनचा गंज आठवडाभर खरवडून मी आतून हिरवा रंग मारला. डॅशबोर्डवर तळहाताएवढी जागा झिजून पत्रा चमकत होता, तीही हौसेनं झाकली. मग देवळाली कॅम्पातून त्या ट्रकचा म्हातारा, निवृत्त ड्रायव्हर बघायला आला. सीटवर बसून डॅशबोर्ड चाचपत राहिला. "काय शोधताय बाबा?" मी विचारलं. "गाडी चालू करायच्या आधी रोज इथं हात टेकवून कपाळाला लावायचो," तो म्हणाला. "पण रंग झकास बसलाय हो." आणि उतरला. आता कुठलीही जुनी गाडी आली की आधी तिच्या ड्रायव्हरला आत बसवतो, आणि त्याचा हात कुठं जातो ते बघतो.