काळ्या लोकरीचा बाण

दोन हजार नऊ साल. मी तवा साठीला टेकलेलो. आज शहात्तर. म्हंजे सोळा-सतरा वर्षं ही गोष्ट माझ्या पोटात हाय, आणि ती मी कुणाला सांगितली न्हाई — कारभारणीला न्हाई, पोराला न्हाई, देवळात उभा राहूनबी न्हाई. देवाला काय सांगायचं? तो बघतच होता. तुला सांगतो, गड्या.

शाळा मी तिसरीपतुर शिकलो. अक्षर वाकडं येतंय, पण येतंय. आमच्या वाडीत माझ्या वयाच्या गड्यांत अंगठा न लावणारा मी एकटा. सही करतो. चार अक्षरं आणि खाली एक रेघ. त्या सहीचा मला लय तोरा होता. त्याचं पुढं येईल.

आमची वाडी सातारा-सांगलीच्या हद्दीवर, डोंगराच्या पोटाला. खाली कॅनॉलचा ऊस, वर राखीव रान. मधल्या पट्ट्यात आमची कोरडवाहू — भुईमूग, हायब्रीड जवारी, जमंल ते. रानातली ठिपक्यांची हरणं तारंखालनं येतात आणि भुईमूग उकरून खातात. म्हणून मी मारायचो, असं मी सांगत आलो. खरं सांगू? पिकासाठी कुणी वर्षाला एकच हरीण मारतं व्हय? मी नेमासाठी मारायचो. आमच्या घरात आज्यापास्नं कमठा हाय, धनुष्य म्हण — बांबूचा, घायपाताच्या दोरीचा. कायदा आला, बाकीच्यांनी कमठे माळ्यावर टाकले. मी न्हाई टाकला. मला कोण सांगणार?

पण एक रीत मीबी पाळायचो. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, आणि तोवर कमठ्याला शिवायचं न्हाई. त्या दिवसांत हरणीच्या मागं पिलू असतं. नवमीनंतर ते स्वतःच्या पायावर पळायला लागतं. ही रीत बापानं सांगितली, त्याला त्याच्या बापानं. आज्यापास्नं ती कुणी मोडली न्हवती.

आता शिदूचं सांगतो — त्याच्याकडं यायलाच मी वेळ लावतोय, तुला कळलंच असंल.

शिदू धनगर. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी धाकटा. मला नाना म्हणायचा. सुगी झाली की त्याची मेंढरं माझ्या वावरात बसायची, लेंड्यांचं खत व्हायचं, ते त्याच्या-माझ्या बापांपास्नं चालत आलेलं. आणि माझे बाण तो करायचा. काडी तो निवडायचा, पातं लोहाराकडनं आणायचा, आणि मागं घारीची पिसं आपल्याच मेंढराच्या काळ्या लोकरीनं बांधायचा. सात फेरे आणि गाठ आत दडवलेली. पंचक्रोशीत कुणीबी बघून सांगावं, हा शिदूचा बाण. स्वतः तो कधी मारायचा न्हाई. म्हणायचा, "नाना, मी जित्राबं राखणारा. मारायचं पाप तुमचं, बांधायचं माझं." आणि हसायचा.

त्या वर्षी त्याला रानखात्यात रोजंदारीवर राखणदार म्हणून घेणार होते. वणवा बघायचा, तार बघायची. सायबांनी शब्द दिला होता. शिदूनं खाकी सदरा शिवून आणला आणि खोपटात खुंटीला लावला. गेलं माणूस की त्याला तो दाखवायचा. मलाबी दाखवला. दोनदा.

आणि माझा हात कापायला लागला होता. डेअरीत दूध घालताना किटली हलली, निम्मं दूध मापाच्या भाईर. मागनं कोण तरी म्हणालं, "नाना, आता कमठा ठिवा आणि जपमाळ घ्या." सगळी हसली. शिदूबी हसला. — त्याचं हसणं मला लागलं. दुसऱ्या कुणाचं न्हाई. त्याचं.

घरी येताना मी त्याला म्हणालो, उद्या बसतो जांभळीवर. तो चालता चालता थांबला. म्हणाला, "नाना, पितरांचा पंधरवडा हाय. धा दिवस दम धरा की. नवमी झाली की मीच येतो संगं." माझ्या आज्याची रीत मला हा शिकवणार?

ओढ्याकाठी जांभूळ हाय माझी. तिच्यावर दोन फांद्यांच्या बेचक्यात मी मचाण बांधलेलं, दोन पुरुष उंचीवर. एका बांबूला खुंट्या ठोकून शिडी केलेली. वर गेलं की ती ओढून घ्यायची आणि फांदीला आडवी बांधायची. खाली काय राहायला नगं, नायतर हरीण बुजतं.

दुसऱ्या दिवशी फटफटायला मी वर बसलो. रात्री पाऊस पडून गेल्याला, झाडाच्या बुडाशी चिखल. उजाडलं आणि ती आली. हरणी. भुईमुगाच्या कडंला मान खाली घालून. माझ्यापास्नं वीस पावलं. असला नेम मी झोपेत मारला असता. मी दोरी ताणली — आणि हात कापला.

पोटात लागला. बाण पोटात लागला की काय होतं ते तुला न्हाई सांगत. ती जागच्या जागी फिरली, वरडली, आणि पळायच्या जागी माझ्याच झाडाकडं आली. जांभळीपास्नं चार पावलांवर पडली. मेली न्हाई. उतरून एका घावात तिला मोकळं करायचं, ही बी रीतच. मी शिडीची गाठ सोडायला लागलो. बोटं चालंनात. तेवढ्यात मेंढरांच्या घंटा आल्या.

शिदू वरडणं ऐकून आला होता. त्यानं हरणी बघितली, बाण बघितला. गुडघ्यावर बसला. तिच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि कमरंच्या विळ्यानं तिला मोकळं केलं — माझं काम त्यानं केलं. मग बाण उपसला. तिच्या कासंला दूध होतं. त्यानं अंगठ्यानं ते पुसलं आणि तसाच बसून राहिला. मी वरनं त्याचा पटका बघत होतो. हाक मारायची होती मला. नुसतं "शिदू" म्हणायचं. एवढंच. का न्हाई मारली? त्यो काय म्हणंल म्हणून? धा दिवस थांबा म्हणाला होता, म्हणून?

आणि मग तारंकडनं रानखात्याची दोघं आली. गस्त होती त्यांची. खाली मेलेली हरणी, शिदूचा हात रक्ताचा, हातात बाण आणि बाणाला काळी लोकर.

"शिदबा, तू?" थोरला गार्ड म्हणाला. त्याला खरं वाटत न्हवतं. "तूच रं?"

"बाण मी बांधल्याला हाय, सायेब. मारला मी न्हाई."

"मग कुणी मारला?"

शिदू इकडं तिकडं बघायला लागला, आणि त्याची नजर जांभळीच्या बुंध्याशी गेली. चिखलात शिडीच्या बुडाचा गोल खळगा उठला होता, बाजूला माझ्या वहाणांचं पाऊल. मला वरनं दिसत होतं ते — त्यालाबी दिसलं. त्याचे बाण एका माझ्याशिवाय कुणाकडं न्हवते. त्याला कळलं.

तो उठला. दोन पावलं चालला आणि त्या खळग्यावर पाय देऊन उभा राहिला.

वर बघितलं न्हाई. एकदाबी न्हाई.

का, ते मला आजवर कळलं न्हाई. माझ्या वावरात मेंढरं बसतात म्हणून? का नाना आपण होऊन उतरंल, आपल्या तोंडानं त्याला उतरवायचा न्हाई — असं वाटलं असंल? मला हेच खरं वाटतंय. मलाबी वाटत होतं, आता उतरतो. गार्ड पुन्हा विचारत होता, "बोल की मर्दा, कुणी?" आणि मी मनात म्हणत होतो, आता. त्याचा हात धरला — आता. हरणी झोळीत घातली — आता. ती तिघं पायवाटंला लागली, मेंढरं बावचळून ओढ्यात फाकली, शिदूनं जाता जाता त्यांना एक शीळ घातली. मी शिडीवर हात ठेवून तसाच. धोतर ओलं झालं होतं ते मला लय उशिरा कळलं. दुपार होईस्तवर मी त्या चार फळ्यांवर बसून होतो. खाली कुणी न्हवतं. उतरायला कुणाची आडकाठी न्हवती.

नंतरचं थोडक्यात सांगतो. शिदू पंधरा दिवस आत होता. राखणदारी गेली. मग तारखा — सात वर्षं तारखा, शेवटाला सुटला, पण तवर लोकांच्या तोंडी तो हरीणमाऱ्या शिदू झाला होता. त्याच्या सुनंच्या माहेरचे ते नाव घेऊन हसायचे. जामिनावर सुटून आल्यावर मी वाटंत गाठला त्याला. तोंडातनं कायतरी निघंल असं वाटलं. त्यानंच विचारलं, "नाना, कमठा मोडला का ठेवलाय?" मी म्हणालो, ठेवलाय. "मोडा," म्हणाला, आणि गेला. त्यानंतर त्याची मेंढरं माझ्या वावरात कधी बसली न्हाईत. तिसऱ्या वर्षी तो जतकडं बहिणीच्या गावाला गेला. तिथं माणसाला टँकरचं पाणी, मेंढरांना काय मिळणार? औंदा उन्हाळ्यात तो गेल्याचा निरोप आला. तो गेला म्हणून मी हे लिहितोय. तो असताना लिहिलं न्हाई. हेबी मांडून ठेवतो.

पण एवढंच असतं तर मी म्हणलो असतो, भ्यालो, झाडावर अडकलो, माणूस हाय. एवढंच न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार्ड माझ्या दारात आला. म्हणाला, "नाना, पंचनाम्याला पंच पायजेत. एक मिळालाय. दुसरा गावातला जाणता माणूस म्हंजे तुमीच. तुमची सही चालंल." मी अंघोळ केली. धुतलेलं धोतर नेसलो, पटका बांधला. चौकीच्या पायरीवर शिदूची बायको हौसा बसली होती. मला बघून ती उठली, पदर सावरला आणि शेजारणीला म्हणाली, "नाना आले. आता भ्या न्हाई."

आत शिदू भिंतीला टेकून खाली बसला होता. अंगठ्याला शाई. गार्डनं बाण टेबलावर ठेवला आणि विचारलं, "नाना, हा बाण वळखता?"

तवा शिदूनं वर बघितलं. पहिल्यांदा. मला त्याचा चेहरा दिसला.

"वळखतो," मी म्हणालो. "शिदूचाच हाय. काळी लोकर हाय की."

"म्हंजे ह्यानंच मारला म्हणायचा?"

"दुसऱ्या कुणाकडं नसतात त्याचे बाण," मी म्हणालो.

गार्डनं लिहून घेतलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. मी पेन धरलं. चार अक्षरं काढली, खाली रेघ ओढली. हात जरासुदीक कापला न्हाई.